आमची वाटचाल : बंद मॉडेलवाल्यांचं दुकान

कोल्हापुरात पक्षी बघणाऱ्या कुणालाही विचारा, ‘बंद मॉडेलवाले कुठं बसतात?’ तो राजारामपुरीतल्या आमच्या जिन्यापर्यंत आणून सोडेल. आम्ही दुर्बिणी विकतो आणि दुरुस्त करतो, त्यातही कंपनीनं बनवणं थांबवलेली, म्हणजे बंद मॉडेलं. पण हे नाव आम्ही घेतलेलं नाही. ते आम्हाला चिकटवलं गेलं. कुणी आणि का, हे एकदा सविस्तर लिहायचंच होतं.

सुरुवात शाहूपुरीत, व्हीनस कॉर्नरजवळच्या दहा बाय बाराच्या गाळ्यात झाली. मी आणि मिस्त्री. मिस्त्री आधी थिएटरांचे प्रोजेक्टर दुरुस्त करायचे. पडद्यावरचं चित्र जरा मऊ पडलं की कुठलं भिंग हललंय हे बाल्कनीतूनच सांगायचे. बाबूराव पेंटरांनी ज्या गावात स्वतःचा कॅमेरा घडवला, त्या गावात आपण भिंगाचं काम करतोय, हे ते प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ऐकवत. मलाही ते ऐकायला आवडायचं.

दुर्बीण उघडायची हत्यारं तेव्हा इथं मिळत नव्हती. लेन्स स्पॅनरची, म्हणजे भिंगाची रिंग सोडवायच्या पान्याची, टोकं मिस्त्रींनी उद्यमनगरातल्या एका ओळखीच्या कारागिराकडून घासून घेतली, तीन वेगवेगळ्या जाडीची. खाचेत टोक सैल बसलं की ते घसरतं आणि भिंगावर कायमची रेघ ओढतं. समोरची रिंग फिरवायला रबराचे गोल ठोकळे कापले. दोन्ही नळ्या एकाच जागी बघतात की नाही हे तपासायला लोखंडी चॅनेलवर एक स्टँड बनवला. त्यावर दुर्बीण आवळून बसवायची, लांबच्या मोबाइल टॉवरच्या टोकावर धरायची आणि भिंगाच्या इसेंट्रिक रिंगा (फिरवल्या की भिंग किंचित बाजूला सरकतं) केसाकेसानं फिरवत दोन टॉवरांचा एक टॉवर करायचा. एका दुर्बिणीला कधी अर्धा तास लागतो, कधी सबंध दुपार जाते. तो स्टँड आजही आमच्याकडे आहे आणि आजही त्याच्यावरच काम होतं.

बंद मॉडेलांकडे वळलो ते राधानगरीच्या सरांमुळे. सर शाळेत विज्ञान शिकवायचे. पहिल्यांदा आले तेव्हा हातात जत्रेत घेतलेली दुर्बीण होती. भिंगं लालभडक, वर ३०×६० छापलेलं. म्हणाले, “मालक, दाजीपूरच्या जंगलात हिच्यातून अंधारच दिसतो.” त्याच आठवड्यात मुंबईच्या एका घाऊक व्यापाऱ्यानं विचारलं होतं, कंपनीचं नवं मॉडेल आलंय, जुन्याची आठ नगं पडून आहेत, घेता का? मी बिचकत चार घेतली होती. त्यातली एक ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं) सरांना दिली. आठ दिवसांनी ते परत आले आणि काउंटरवर हात ठेवून म्हणाले, “मलबारी राखी धनेशाच्या चोचीवर शिंग नसतं, हे इतकी वर्षं पुस्तकात वाचलं होतं. परवा दिसलं.” मी त्याच संध्याकाळी मुंबईला फोन करून उरलेली चार मागवली.

आमचा धंदा एवढाच आहे. कंपनी नवं मॉडेल काढते, म्हणून कालपर्यंतच्या मॉडेलची काच एका रात्रीत आंधळी होत नाही. उतरते ती किंमत.

पुढची बरीच वर्षं बरी गेली. मग दोन दुकानं सोडून एक मोठं कॅमेऱ्याचं दुकान आलं. काचेचा दर्शनी भाग, आत एसी. त्याबद्दल तक्रार नाही, गावात दुकानं होणारच. पण तिथला माणूस आमच्या मालाबद्दल वाईट बोलायला लागला. “ती बंद पडलेली मॉडेलं आहेत, कंपनीनं नापास केलेला माल,” असं तो गिऱ्हाइकाला सांगायचा. बंद केलेलं आणि बंद पडलेलं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण ऐकणाऱ्याला तो कळत नाही. एका शाळेची वीस दुर्बिणींची ऑर्डर आमच्याशी जवळपास ठरली होती. ती त्या एका वाक्यानं गेली. तिथून शाळेनं १०×२५ च्या चकचकीत दुर्बिणी घेतल्या. दोन पावसाळ्यांनी त्यांतल्या अकरा आमच्याकडे आल्या. आतून बुरशी, आणि निम्म्यांत एकाचे दोन पक्षी दिसत होते. आम्ही त्या दुरुस्त करून दिल्या, मजुरी रीतसर घेतली. पण ते वाक्य अजून पोटात आहे, आणि नावही त्यातूनच चिकटलं.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. २००५ च्या पुराच्या पाण्याची खूण आमच्या भिंतीवर होती, गुडघ्याएवढी. सगळा माल त्या खुणेच्या वरच ठेवायचा, हा नियम आम्ही चौदा वर्षं पाळला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आधी गटारातून आलं, मग रस्त्यावरून. शटर ओढून आम्ही बाहेर पडलो तेव्हा पाणी मांडीला होतं. नंतर ते छातीच्या वर जाऊन राहिलं. शिरोलीजवळ महामार्ग बंद, वीज नाही, आणि आमच्या ६१ दुर्बिणी चिखलाच्या पाण्यात.

शटर उघडलं त्या दिवसाचा वास मी विसरलेलो नाही. मिस्त्री काही बोलले नाहीत. मंगळवार पेठेतल्या त्यांच्या माळ्यावर आम्ही सगळा माल नेला. तेव्हा ते सत्तरीला आले होते. ऑगस्टच्या दमट हवेत बुरशीला आठवडाही पुरतो, त्यामुळे रात्री जागूनच काढल्या. पोरो, म्हणजे रुंद खांद्याच्या जुन्या घडणीच्या दुर्बिणी, सगळ्या उघडल्या. प्रिझम कुठल्या बैठकीतला, कुठल्या दिशेचा, हे पेन्सिलीनं खूण करून लिहायचं, डिस्टिल्ड वॉटरनं गाळ काढायचा, मग स्पिरिट, मग बल्बच्या उबेला वाळवायचं. ३९ पैकी २४ वाचल्या. बाकीच्यांच्या प्रिझमांचं कोटिंग गेलं होतं.

आणि नायट्रोजन भरलेल्या २२ सीलबंद दुर्बिणी? त्यांत बहुतेक निकॉनची आधीच्या पिढीची मोनार्क मॉडेलं होती, ‘नापास’ म्हणून हिणवलेली. असल्या दुर्बिणींना कंपनी हमी देते ती एक मीटर पाण्यात दहा मिनिटांची. त्या कित्येक दिवस बुडून होत्या. बाहेरून धुऊन मिस्त्रींनी एकेकीत टॉर्च मारला. १९ आतून कोरड्या ठणठणीत. तीनच धुरकटल्या होत्या.

विम्याच्या माणसानं मात्र निम्मी रक्कम कापली. कारण काय, तर मॉडेल बंद, म्हणून त्याला आजची किंमत नाही. पुन्हा तोच शब्द. त्या रात्री मी दुकान बंद करायचं ठरवलं होतं आणि घरी तसं सांगितलंही होतं. दुसऱ्या दिवशी सर आले. राधानगरीहून येताना तीन गाड्या बदलाव्या लागल्या होत्या. पिशवीतून चाळीस हजार काढून म्हणाले, “शाळेतल्या पोरांसाठी सहा दुर्बिणी. कुठल्या द्यायच्या ते तुम्ही ठरवा, कधी द्यायच्या तेही तुम्हीच ठरवा.” पावतीसुद्धा मागितली नाही. मी ती पोस्टानं पाठवली.

त्या १९ दुर्बिणी आम्ही लपवून विकल्या नाहीत. प्रत्येक खोक्यावर मिस्त्रींच्या अक्षरात ‘पुरातून काढलेली’ असं लिहिलं आणि अर्ध्या किमतीला लावल्या. महिन्याभरात संपल्या. राजारामपुरीत पहिल्या मजल्यावर जागा घेतली. २०२१ च्या जुलैत महामार्ग पुन्हा बंद झाला, तेव्हा आमचं एक खोकंही भिजलं नाही.

त्याच वर्षी मोनार्क ५ गेली आणि तिच्या जागी एम५ आली. आम्ही दोन्ही शेजारी ठेवल्या. ८×४२ मध्ये जुनीचं दृश्यक्षेत्र ६.३ अंश, नवीचं ६.४. रंगांची झालर कमी करणारी ईडी काच दोन्हीत. कळंबा तलावावर वारकरी पक्ष्यांच्या थव्यावर दोन्ही लावल्या, चार जणांना न सांगता हातात दिल्या. कोणती नवी हे कुणालाच ओळखता आलं नाही. मग जिथून मिळाल्या तिथून मोनार्क ५ उचलल्या.

आता घेणाऱ्यांना थोडं सांगतो. घनदाट रानासाठी ८×४२ च घ्या. बेचाळीसला आठनं भागलं की सव्वापाच मिलिमीटर रुंदीचा प्रकाशझोत डोळ्यात येतो, १०×४२ मध्ये ४.२ च. रंकाळ्याच्या काठावर उजेडात दहापट चालेल, दाजीपूरच्या सावलीत हात हलतो आणि पक्षीही काळा दिसतो. बजेट कमी असेल तर फेज कोटिंग (चित्र स्पष्ट ठेवणारा प्रिझमवरचा लेप) नसलेल्या रूफ प्रिझमच्या, म्हणजे सरळ नळ्यांच्या, दुर्बिणीच्या मागं लागू नका, त्याच पैशात चांगली पोरो येते. बंद मॉडेल घेताना समोरच्या भिंगातून टॉर्च मारून बुरशी बघा. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे करा, डोळ्याच्या भिंगातले प्रकाशाचे ठिपके पूर्ण गोल दिसले पाहिजेत, कडा कापलेल्या नकोत. लांबच्या विजेच्या तारेकडे बघत दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून लांब न्या, तार दोन्हीकडे एका रेषेत राहिली पाहिजे. रबर बोटाला चिकटत असेल तर सोडून द्या. डोळ्याकडचे रबरी कप फाटलेले असतील तर आधी ते मिळतात का विचारा, कारण बंद मॉडेलची खरी अडचण तीच आहे. आम्ही मोडक्या दुर्बिणी विकत घेतो त्या या सुट्या भागांसाठीच.

गेल्या हिवाळ्यात सरांचा फोन आला. हात थरथरतो, ८×४२ पेलवत नाही. मोनार्क ७ ची ८×३० मला आठवली. ४३५ ग्रॅमची, तिच्या जागी आलेल्या एम७ पेक्षा हलकी. शोधायला दोन महिने गेले. शेवटी एक मिळाली, पण फोकसचं चाक जड होतं, ग्रीस वाळलेलं. मिस्त्री आता दुकानात रोज येत नाहीत. त्या दिवशी आले, चाक उघडलं, जुनं ग्रीस काडीनं खरवडलं, नवं भरलं, आणि मग खिडकीशी उभं राहून ते चाक किती तरी वेळ पुढं-मागं फिरवत राहिले.

“कुणाला द्यायचीय?” त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, “सरांना.”

त्यांनी ती पुन्हा स्टँडवर चढवली.