तुम्ही विचारलंत म्हणून: कोपऱ्यावरच्या घराला पाइप का नाही?

लातूरच्या आमच्या गल्लीत पाइप बघायला येणारा प्रत्येक जण हे विचारतोच. बारा घरं. अकरा घरांच्या गच्चीवरचं पावसाचं पाणी जिरवण्यासाठी पाइपानं भिंतीवरून बोअरकडे उतरतं आणि कोपऱ्यावरच्या भिंतीवर नुसते क्लॅम्प. "तिथलं राहिलंय का?" इथवर ठीक. मग कुणीतरी हळूच म्हणतं, "जुन्या माणसांना पटत नाही हो." तिथं माझं डोकं फिरतं. आजवर "त्यांचं जरा वेगळं आहे" म्हणून मी विषय बदलत आले. आता एकदाच लिहून टाकते.

त्या कोपऱ्यावरच्या घरातल्या काकूंना पटलं होतं. सगळ्यांच्या आधी पटलं होतं.

२०१६च्या दुष्काळात लातूरला पाणी घेऊन आलेल्या त्या रेल्वेचं मी परत सांगत नाही. तिनं आम्ही नुसते रडकुंडीला आलो. डोळे उघडले ते त्याच वर्षीच्या पावसानं. एप्रिलात मिरजेहून पाणी आणलेल्या गावात सप्टेंबरात गटारं तुंबून वाहत होती. काकू ओट्यावर उभ्या राहून म्हणाल्या, "बघ, चाललं बघ परत मिरजेला."

भिशी त्यांनीच सुचवली. घरटी चारशे, म्हणजे महिन्याला अठ्ठेचाळीसशे, आणि चिठ्ठी निघेल त्या घराचं काम. चार इंची पाइप, बेंड, क्लॅम्प घाऊक आणले म्हणून तेवढ्यात बसलं. पहिल्या घराला प्लंबर होता. दुसऱ्यापासून आम्हीच, दर रविवारी. सोल्युशन लावून पाइप जोडायला मी शिकले आणि शिकले म्हणून जरा शेफारलेही.

काकूंची चिठ्ठी मे २०१७ मध्ये निघाली. पाइपाच्या खालच्या टोकाला टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड असतो, त्याच्या एका तोंडाला टोपण. उन्हाळाभर ते उघडं ठेवायचं. पहिल्या पावसात गच्चीवरची सगळी घाण तिथून बाहेर गेली की मग टोपण लावायचं, म्हणजे पुढचं पाणी ड्रममधल्या गोटे-खडी-वाळूतून गाळून बोअरमध्ये जातं. हे मी तोंडपाठ सांगायचे, अजूनही सांगते. त्या रविवारी गल्ली जमली होती. पाणी ड्रममध्ये कसं उतरतं ते दाखवायला मी टोपण लावलं आणि वरून चार बादल्या ओतायला लावल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टोपण तसंच राहिलं. ड्रममधली वाळूही धुतलेली नव्हती. ऊन फार होतं, मीच म्हटलं, "चालतंय."

जूनमध्ये रात्री दोनला पाऊस आला. मी उठले, छत्री घेऊन खाली जाऊन आमचं टोपण बघितलं. उघडं होतं. काकूंचं घर तिथून वीस पावलांवर. मनात आलं, जाऊन बघावं. मग आलं, उघडंच असेल की. घरात येऊन पावसाचा आवाज ऐकत झोपले. छान झोप लागली, हेही सांगून टाकते.

काकूंच्या गच्चीवर पारव्यांची वस्ती. वर्षाची ती सगळी घाण आणि ड्रममधली माती बोअरमध्ये उतरली. सकाळी मोटार लावली तर पिवळं, वास मारणारं पाणी. काकू चार दिवस कुणाला बोलल्या नाहीत. "बसेल गाळ," म्हणत शेजारून घागरी आणत राहिल्या. पोरीला वाईट वाटेल म्हणून. पोरगी म्हणजे मी, तेव्हा एक्केचाळीस वर्षांची. पाचव्या दिवशी मोटार जाम झाली. ती बाहेर काढली तेव्हा मी तिथं उभी होते. मेकॅनिकनं चिखल बोटावर घेऊन मला दाखवला, मलाच का कोण जाणे. मोटारीचं रिवाइंडिंग आणि बोअरचं फ्लशिंग मिळून खर्च पाइपाच्या दुपटीवर गेला. आम्ही वर्गणी काढली. काकूंनी घेतली नाही. म्हणाल्या, "पाइप काढ, पुढच्या घराला लाव. क्लॅम्प राहू दे, भिंत उकरू नको."

आता माझी बाजू. केसिंग, म्हणजे बोअरमध्ये वरच्या भागात बसवलेला पाइप, जुनं होतं, वरून माती सुटत होती, असं तो मेकॅनिकच म्हणाला. मोटारही नऊ वर्षांची. कधी ना कधी ती बसलीच असती. हे सगळं खरं आहे. पण काकूंसमोर ते मला आजवर एकदाही बोलता आलेलं नाही.

तेव्हा मी ठासून सांगायचे की पाणी थेट बोअरमध्येच सोडा. आता सांगते, बोअरपासून चार फुटांवर शोषखड्डा घ्या, मातीतून मुरून जाऊ दे. तेव्हाची मी विचारते: इथं हातभर मुरुमाखाली काळा दगड, खड्ड्यातलं पाणी मुरणार कुठं? डास होतील. तिचं अगदीच चूक नाही. सध्या सहा घरांचं पाणी थेट जातं, पाच घरांचं खड्ड्यात, आणि दोन्हीकडचे लोक मला विचारतात तेव्हा मी वेगवेगळी उत्तरं देते.

काकूंचा स्लॅब सहाशे चौरस फुटांचा. सातशे मिलिमीटर पाऊस धरला तर सांडलेलं, वाया गेलेलं सोडूनही वर्षाला तीस हजार लिटर. ते गटारात जातं. पन्हाळीखाली त्या दोन घागरी लावतात, तेवढंच. गल्लीतले काही जण म्हणतात, आपण अकरा जण जिरवतो आणि काकू फुकटात उपसतात. दगडातल्या भेगा कुणाच्या घराखालून कुठं जातात ते त्यांना कुणी सांगितलं, देव जाणे. गेल्या उन्हाळ्यात पाइप असलेली दोन बोअर एप्रिलातच आटली. काकूंचं मेच्या मध्यापर्यंत चाललं. माझं त्या दोन्हींतलं एक होतं, आणि घागर घेऊन मी त्यांच्याकडेच गेले.