चाळिशीत दातांना तारा: दुखणं कसं निभावलं

तारा लावून घ्यायचं ठरलं तेव्हा सासूबाई एवढंच म्हणाल्या, "आता गं कुणाला दाखवायचेत दात?" दाखवायचे कुणालाच नव्हते. खालचे पुढचे दात एकमेकांवर चढलेले, त्यांच्या फटीत ब्रश पोचायचा नाही आणि हिरड्यांतून सारखं रक्त यायचं. कितीदाही कीटण काढून घेतलं तरी पुन्हा तेच. दात रांगेत आले तर निदान नीट घासता तरी येतील, हे डॉक्टरांचं म्हणणं मला पटलं.

खर्चाचा विचार करून डेंटल कॉलेजच्या ऑर्थो विभागात, म्हणजे वेडेवाकडे दात रांगेत आणणाऱ्या विभागात, नाव घातलं. तिथे एम.डी.एस., म्हणजे दंतवैद्यकातलं पुढचं शिक्षण, करणारी मुलं-मुली प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जातो, पण समजावून सांगायला त्यांच्याकडे सवड असते. माझी डॉक्टर माझ्या भाचीच्या वयाची. ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "ताई, फोनवर नुसतं 'दुखतंय' म्हणू नका. चावताना दुखतंय, गालाला टोचतंय, की काही न करता ठणकतंय, एवढं बघा आणि मग सांगा." हा प्रश्न मी पुढे स्वतःला दर वेळी विचारत गेले, कारण या तिन्ही दुखण्यांवरचे उपाय अगदी वेगळे आहेत.

तारेच्या आधी दाढांच्या मध्ये छोट्या रबरी रिंगा घालतात, धातूची कडी बसायला जागा व्हावी म्हणून. दिसायला अगदीच क्षुल्लक. पण सतत वाटतं, शेवग्याच्या शेंगेचा धागा अडकलाय आणि तो काढायचा नाहीये. खरं सांगायचं तर मला तारेपेक्षा या रिंगांचाच वैताग जास्त आला.

तार बसवली त्या दुपारी काही कळलंही नाही. रात्री वरणभाताचा घास चावला आणि ब्रह्मांड आठवलं. डॉक्टरने आधीच सांगून ठेवलं होतं: दुखणं काही तासांनी सुरू होतं, दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं, मग उतरत जाऊन आठवड्याभरात बहुतेक संपतं. तसंच झालं. पुढे तार बदलली की तोच क्रम, फक्त जोर कमी.

दात हाडाला थेट चिकटलेला नसतो. मध्ये तंतूंचं पातळ अस्तर असतं, जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचं. तार दात ढकलते तेव्हा हे अस्तर एका बाजूला दाबलं जातं आणि दुसऱ्या बाजूला ताणलं जातं. दाबाच्या बाजूचं हाड हळूहळू विरघळतं, ताणाच्या बाजूला नवं तयार होतं. या सगळ्या कामात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं लागतात, आणि दुखण्यातही त्यांचाच हात असतो. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या नेमकी तीच द्रव्यं कमी करतात. त्यामुळे त्या वारंवार घेतल्या तर दात सरकण्याचा वेगही मंदावू शकतो, म्हणून मला पॅरासिटामॉल लिहून दिली होती. तीही दुखणं चढायच्या आत, जेवून घ्यायची.

आणखी एक गंमत डॉक्टरनेच सांगितली. सुरुवातीची बारीक तार निकेल-टायटॅनियमची असते आणि तिचे काही प्रकार तोंडाच्या उबेवर जोर धरतात. गार पाणी तोंडात धरलं की ती थोडा वेळ सैलावते. म्हणून त्या पहिल्या दिवसांत मी सकाळचा वाफाळता चहा सोडला आणि माठातलं पाणी घोट घोट तोंडात खेळवत बसले. चहा सुटल्याचं दुःख दातदुखीपेक्षा थोडंच कमी होतं.

जेवणाचं म्हणाल तर आपल्याकडे आजारपणाचं खाणं एवढं आहे की अडायचं कारण नाही. गुरगुट्या भात, मेतकूट, तूप. मुगाची खिचडी. नाचणीची आंबील ताक घालून. भाकरी आमटीत कुस्करून. पोळीसुद्धा पुढच्या दातांनी तोडायची नाही, हाताने बारीक तुकडे करून दाढेकडे द्यायचे. चिक्की, ऊस, चकली, कडक पेरू बंद. कणसाचे दाणे सोलून, मऊ उकडून चालतात. संक्रांतीला ऑफिसात प्रत्येकजण तिळगूळ पुढे करी आणि मी तो रुमालात बांधून घरी मुलाला नेई. गोड बोलणं मात्र त्या दिवसांत जमलंच असं नाही.

टोचण्याची तऱ्हा निराळी. तिथे गोळीचा उपयोग नाही. ब्रॅकेट, म्हणजे तार धरायला दातावर चिकटवलेला छोटा तुकडा, गालाच्या आतल्या बाजूला घासून घासून तोंड येतं. त्यावर मेण. ते लावायचीही एक पद्धत आहे: आधी कापसाने ब्रॅकेट कोरडा करायचा, हरभऱ्याएवढं मेण बोटांत मळून मऊ करायचं आणि दाबून बसवायचं. ओल्या दातावर ते टिकत नाही. चुकून गिळलं गेलं तर घाबरायचं कारण नाही. दिवसातून दोन-तीनदा कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. हळूहळू गालाची आतली त्वचा निबर होते आणि मेणाची डबी ड्रॉवरच्या तळाशी जाते.

दात सरळ होत जातात तशी तार मागे सरकते आणि शेवटच्या दाढेमागून तिचं टोक बाहेर येतं. माझं आलं रविवारी रात्री. अशा गोष्टी रविवारीच होतात. मुलाने मोबाइलचा टॉर्च धरला, "आई, अजून आ कर," असं दरडावत पेन्सिलच्या मागच्या खोडरबराने, आधी धुऊन घेतलेल्या, ते टोक दाढेकडे दाबलं. त्यावर मेण लावून रात्र काढली. सोमवारी डॉक्टरने कटरने कच्चकन टोक कापलं, मिनिटभराचं काम.

मधेच एकदा पुढचा दात जिभेने हलताना जाणवला तेव्हा पोटात गोळा आला. सरकणारा दात थोडा हलतोच, तो पुढे घट्ट होतो, असं कळल्यावर जिवात जीव आला. पण काही न खाता एकच दात ठणकत राहिला, हिरडी सुजली किंवा ताप आला तर ते तारेचं नेहमीचं दुखणं नव्हे. तिथे पुढच्या तारखेची वाट बघायची नाही.

एक तक्रार मात्र कुणी आधी सांगितली नव्हती: हळद. तारेला धरून ठेवणारी पारदर्शक रबरं मी हौसेने निवडली आणि दोन आमट्यांत ती पिवळीधम्मक झाली. पुढच्या वेळेपासून करडी घेतली. सासूबाईंच्या मते पिवळीच बरी होती, सोन्याची वाटायची.

तारा निघाल्या तेव्हा दातांवरचा चिकटा घासून काढताना थोडी शिवशिव झाली, बाकी काही नाही. आता रोज रात्री रिटेनर, म्हणजे दात पुन्हा सरकू नयेत म्हणून लावायचा, काढता-घालता येणारा साचा. गावी जाताना तो विसरला की परत लावताना दात आवळतात, म्हणजे तेवढ्या दिवसांत ते जागेवरून हललेले असतात. म्हणून डबी कायम पर्समध्ये. आणि सुरुवातीला दिवसाही लावावा लागतो तेव्हा हॉटेलात जेवताना काढून कागदी रुमालात गुंडाळून ठेवू नका. वेटर खरकट्या ताटाबरोबर तो उचलून नेतो.