कागदावर तीनशे किलो

पेरूची राजधानी लिमाच्या घाऊक बाजारात उरलेला माल गोळा करून डोंगरवस्त्यांमधल्या सामुदायिक स्वयंपाकघरांना पोचवायचा, हे आमच्या संस्थेचं काम. मी तिथे स्वयंसेवक आहे आणि माझ्याकडे बटाटा दिलाय, कारण घर सातगाव पठारावरचं. बटाटा हातात घेतला की तो किती दिवसांचा आहे, हे मला सांगावं लागत नाही.

बाजार सांता अनीता भागात आहे. जुनी पेठ 'ला पारादा' इथून हलवली ती २०१२ साली, आणि त्या वेळच्या दंगलीत माणसं मेली. जुने हमाल अजून त्याबद्दल बोलतात. माल रात्री उतरतो. अँडीजमधून येणारा मुख्य रस्ता तिक्लिओच्या खिंडीतून जातो, ४,८०० मीटरहून उंच. जानेवारी ते मार्च दरडी आणि चिखलाचे लोंढे रस्त्यावर आले की ट्रक अडकतात आणि इथे भाव चढतात. गोणी ५० किलोची असते. खांद्यावरच्या ओझ्याची ही मर्यादा २००७ च्या कायद्याने आली. पुण्यात हमाल पंचायतही याच ५० किलोंसाठी झगडली, म्हणून इथल्या हमालांकडे पाहताना मला परकं वाटत नाही.

आणि बटाटा! लाल सालीचा कांचान; जांभळट, खोल डोळ्यांचा, रस्सा शोषून घेणारा वायरो. पिवळाधमक आमारिया इतका पिठूळ की सूपात टाकला तर विरघळूनच जाईल. शंभर माणसांच्या हंड्याला तो कामाचा नाही. हंड्याला युंगाय हवा. पेरूत बटाट्याचे तीन हजारांवर वाण आहेत, आणि आंतरराष्ट्रीय बटाटा संशोधन केंद्र शेजारच्याच ला मोलिनात आहे. या शहराला बटाटा कळत नाही असं कोणी म्हणू शकणार नाही.

त्या पहाटे एका गाळ्यावरून सहा गोण्या युंगाय मिळाला. फुकट. मी एक गोणी उसवली तर माल हिरवा. एखाद-दुसरा नव्हे, तळापर्यंत. कारण सरळ आहे. गाळ्यावर गोण्या तोंड उघडून मांडतात, डोक्यावर रात्रभर दिवे. वरचा थर हिरवा पडतो, गिऱ्हाईक तो घेत नाही. मग गाळेवाला प्रत्येक गोणीवरचा थर काढून वेगळ्या गोणीत भरतो. दानाला येते ती गोणी अशी. आमच्याकडे बटाट्याची आरण, म्हणजे साठवणीचा ढीग, लावतात तेव्हा ऊन-उजेड लागू नये म्हणून वर पाचट घालतात; ते नुसतं थंडाव्यासाठी नसतं. हिरव्या रंगासोबत सोलॅनिन हे विष वाढतं, आणि ते उकळून जात नाही.

मी समन्वयकांना दाखवलं. ते म्हणाले, "सालं जाड काढायला सांगू." माणूस मनाने चांगला आहे, राबणारा आहे. पण आमच्या तक्त्यात रकाना एकच, 'वाटप, किलो'. देणगीदारांना तोच आकडा जातो. त्या रकान्यापुढे त्यांना बटाटा दिसत नाही.

लिमातल्याच सान हुआन दे लुरिगांचो भागातल्या वरच्या वस्तीत गोण्या चढवल्या. ही स्वयंपाकघरं २०२० च्या टाळेबंदीत उभी राहिली; पोटापाण्याची कामं बंद पडली तेव्हा बायकांनी घरातली भांडी एकत्र आणली. २०२२ मध्ये त्यांना मान्यता देणारा कायदाही झाला. तरी वर नळ नाही. टँकरचं पाणी पिंपाने विकत घ्यायचं.

तिथल्या सेन्योरा, म्हणजे बाई, मूळच्या उंच अँडीजमधल्या पुनोच्या. त्यांनी बटाटा चिरला, जिभेचं टोक लावलं आणि थुंकल्या.

"हा कडू आहे. कडू बटाटा आम्हीही खातो. पण तो दंवात गोठवून, पायांनी तुडवून, कित्येक दिवस नदीत ठेवून. इथे नदी कुठाय? जाड सोलून दोनदा पाणी बदलायचं तर ते पाणी तुम्ही देणार का?"

समन्वयकांकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं, पण मी एवढंच म्हणालो की त्यांचं बरोबर आहे. त्यांनी दोन गोण्या ओतून निवडल्या, जेमतेम एक भरली, ती ठेवली. बाकी परत. फुकटचं नाकारायला त्या वस्तीत फार धैर्य लागतं. पुढच्या फेरीत आपलं नाव मागे जाईल, ही भीती तिथे प्रत्येकीला असते.

माझं डोकं अडकलंय ते त्यापुढे. चार गोण्या परत ट्रकवर गेल्या आणि खालच्या वस्तीत उतरवल्या. तिथल्या बायकांना दुसऱ्या दिवशी हंड्यात घालायला दुसरं काही नव्हतं. मी सोबत बसून निवड करू लागलो, हिरवा आणि कोंब आलेला बाजूला, मुलांच्या वाट्याला तर मुळीच नको, हे पुन्हा पुन्हा सांगितलं. निम्म्याहून जास्त माल उकिरड्यावर गेला. ज्या बाईला नदी माहीत होती ती वाचली, जिला माहीत नव्हती तिच्या दारात गोण्या गेल्या. ही कसली वाटणी?

संध्याकाळी तक्त्यात लिहिलं गेलं, ३०० किलो. मी 'परत' आणि 'फेकलं' असे दोन रकाने मागितलेत. निवड गाळ्यावरच, ट्रक भरण्याआधी करू द्या, असंही लिहून दिलंय, कारण फेकायचाच माल डोंगरावर वाहून नेण्यात डिझेलही जातं आणि त्या बायकांची सकाळही. अजून उत्तर आलेलं नाही.