कुकरच्या गावातला घाट आणि बारा चाकांचं ‘के’

स्टुटगार्ट परिसरात राहणारा मराठी माणूस कधी ना कधी गाइसलिंगेनला जातोच, आणि तो जातो कुकर घ्यायला. डब्ल्यूएमएफ कंपनीचं मूळ गाव हे, तिथे त्यांचं आउटलेट आहे. पुण्याहून आई-बाबा आले की एक शनिवार या वारीसाठी राखून ठेवलेला असतो. सगळे भांडी बघून, बिल करून, पिशव्या सांभाळत परत फिरतात. स्टेशनाच्या पलीकडे डोंगराला चिकटून वर चढत गेलेल्या रुळांकडे मात्र कोणी मान वर करून बघत नाही.

मी वाढले कर्जतला. घाटाच्या पायथ्याशी मालगाडी थांबली, तिच्यामागे बँकर म्हणजे मागून रेटणारं इंजिन लागलं, मग दोन्हीकडून शिट्या झाल्या आणि गाडी हलली, की आमच्याकडे कोणी खिडकीत येऊन बघायचंसुद्धा नाही, इतकं ते रोजचं. त्यामुळे गाइसलिंगेनला मालगाडीच्या शेपटाला एक इंजिन लागलेलं दिसलं तेव्हा माझी खरेदी तिथेच संपली.

या गावाचं पूर्ण नावच ‘घाटाजवळचं गाइसलिंगेन’ अशा अर्थाचं आहे. इथून वर आमश्टेटेनपर्यंत रेल्वे साधारण साडेपाच किलोमीटरांत 112 मीटर चढते. चढ 44.5 मीटरला एक मीटर. आपला बोरघाट 37 ला एक, शिवाय लांबीही कितीतरी जास्त, त्यामुळे बाबांना आकडे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “एवढंच? हा तर पळसदरीपर्यंतच संपेल.” खरं आहे. पण हा मार्ग 1850 साली सुरू झाला, बोरघाट 1863 साली. मिशाएल क्नोल नावाच्या इंजिनिअरने हा घाट बांधला, त्याचं स्मारक रुळांशेजारीच आहे आणि गाडीतून दिसतं. आणखी एक साम्य मला फार आवडतं. गाइसलिंगेनचं पाणी फिल्स नदीतून नेकारला, तिथून ऱ्हाइनला आणि शेवटी उत्तर समुद्राला जातं. घाट चढून उल्मला गेलात की डॅन्यूब लागते, ती काळ्या समुद्राला मिळते. कर्जतची उल्हास अरबी समुद्राला आणि लोणावळ्याची इंद्रायणी, भीमा-कृष्णेमार्गे, बंगालच्या उपसागराला. दोन्ही घाट पाणलोट ओलांडण्यासाठीच बांधलेले.

गावातले कारखानेही या घाटाचेच. डानिएल श्ट्राउब नावाचा इथला गिरणीवाला रेल्वेच्या बांधकामाची अवजारं दुरुस्त करता करता यंत्रांच्या धंद्यात शिरला, आणि 1853 साली त्याने धातूच्या वस्तूंचा जो कारखाना काढला त्यातूनच पुढे डब्ल्यूएमएफ उभी राहिली. म्हणजे तुमच्या ओट्यावरचा कुकरसुद्धा एका परीने या चढाचाच वंशज.

आता मूळ मुद्द्याकडे येते. हा घाट मालगाड्या घेऊन चढायचा म्हणून इथल्या लोकांनी एक खास इंजिन बनवलं: व्युर्टेम्बर्गचं ‘के’.

आपल्याकडे इंग्रजांच्या काळी जशा जीआयपी, बीबीसीआय अशा वेगवेगळ्या रेल्वे कंपन्या होत्या आणि प्रत्येकीची इंजिनं वेगळी, तसं जर्मनीत पहिल्या महायुद्धापर्यंत प्रत्येक मोठ्या राज्याची आपली रेल्वे होती. प्रशिया अवाढव्य, तिची इंजिनं हजारांनी बनायची आणि युरोपभर पसरायची. व्युर्टेम्बर्ग हे स्टुटगार्टभोवतीचं छोटं राज्य, त्याची गरजही छोटी आणि नेमकी. ‘के’ची एकूण फक्त 44 इंजिनं बनली, 1917 ते 1924 या काळात, तीही सगळी याच मार्गावरच्या एसलिंगेन गावातल्या कारखान्यात. मधेच, 1920 साली, सगळ्या राज्यांच्या रेल्वे एकत्र झाल्या आणि व्युर्टेम्बर्गची वेगळी रेल्वे उरलीच नाही, तरी या वर्गाचं उत्पादन चालू राहिलं. नव्या जर्मन रेल्वेने त्यांना 59 हा क्रमांक दिला.

अडचण काय होती ते समजून घेण्यासारखं आहे. घाटात नुसती ताकद पुरत नाही, चाकाने रूळ धरायला हवा. पकड येते वजनाने, चालत्या चाकांवर जितकं वजन जास्त तितकी ती घट्ट. मग इंजिन जड करा, प्रश्न मिटला? पण इथले रूळ आणि पूल एका आसावर (चाकांची जोडी जोडणारा दांडा) साधारण 16 टनांच्या वर भार घ्यायला तयार नव्हते, ते मजबूत करण्याचं काम रखडलेलं, आणि युद्धामुळे माल तर वाढत चाललेला. तेव्हा रेल्वेच्या यंत्र विभागाचा प्रमुख ऑयगेन किटेल याच्या हाताखाली उत्तर निघालं ते असं: आसावरचं वजन वाढवता येत नसेल तर आस वाढवा. एकमेकांना दांड्यांनी जोडलेले सहा आस, म्हणजे बारा चाकं, आणि पुढे वळण दाखवायला आणखी एक छोटी जोडी. मागे टेंडर, म्हणजे कोळसा-पाण्याचा डबा, जोडलेल्या इंजिनांत असे सहा जोडलेले आस असलेली जर्मनीतली ही एकच जात. टेंडर सोडून वजन सुमारे 108 टन, चाकांचा व्यास 1350 मिलिमीटर, वेग जास्तीत जास्त ताशी 60 किलोमीटर. पळण्यासाठी नव्हेच, रेटण्यासाठी.

इतकी चाकं एका ताठ सांगाड्यात बसवली की वळणावर ती रुळांशी भांडणार. म्हणून काही आसांना आडवं सरकायला मोकळीक ठेवली आणि मधल्या चाकांच्या कडा बारीक केल्या. सिलिंडर चार होते. वाफ आधी दोन लहान सिलिंडरांत काम करायची आणि तिथून बाहेर पडलेली तीच वाफ पुढच्या दोन मोठ्या सिलिंडरांत पुन्हा वापरली जायची. एकाच कोळशात दोनदा काम. श्वाबेन भागातले, म्हणजे इथलेच, लोक काटकसरीसाठी सगळ्या जर्मनीत बदनाम आहेत. इंजिनाचा आराखडा बघून त्यात तथ्य असावं असं वाटायला लागतं. (आम्ही सदाशिव पेठेच्या नातेवाइकांना हे आवर्जून सांगतो.)

कल्पना मात्र पूर्णपणे इथली नव्हती. शेजारी ऑस्ट्रियात कार्ल ग्योल्सडोर्फने 1911 साली सहा जोडआसांचं इंजिन बनवलं होतं, टाउएर्न पर्वतातल्या मार्गासाठी. ते एकच बनलं. व्युर्टेम्बर्गने ती गोष्ट मनावर घेतली आणि तिचा खराखुरा वर्ग केला. या ऑस्ट्रियाचा धागा पुढे गमतीशीर पद्धतीने परत येतो.

‘के’चं घर म्हणजे हाच मार्ग, स्टुटगार्टजवळचं कोर्नवेस्टहाइम मालयार्ड ते उल्म, आणि त्यातला अवघड तुकडा गाइसलिंगेनचा. पुढे एक इंजिन ओढतंय, मागून दुसरं रेटतंय. हे सगळं रोराख ओढ्याच्या अरुंद दरीत, जिच्यातून आजही रेल्वे आणि हमरस्ता शेजारी-शेजारी वर जातात. खालच्या गावाच्या वाट्याला तो सगळा आवाज आणि धूर.

मग 1933 साली तारा आल्या. स्टुटगार्ट–उल्म मार्गावर वीज आली आणि मालगाड्यांसाठी नवं इंजिन आलं, ई 93. मधे ड्रायव्हरची खोली आणि दोन्ही बाजूंना लांब नाकं, त्यामुळे अशा इंजिनांना युरोपात ‘मगर’ म्हणतात. इथे मी थबकले, कारण ही मगर आम्हा कर्जतकरांच्या ओळखीची. कल्याण ते पुणे 1929 साली वीज आली तेव्हा बोरघाटातल्या मालगाड्यांसाठी जीआयपीने घेतलेली इंजिनं याच घराण्यातली, पुढे डब्ल्यूसीजी-1 म्हणून ओळखली गेलेली. त्यांचा मूळ आराखडा स्वित्झर्लंडमधल्या विंटरटूरचा. आपल्याकडे त्यांना कोणी मगर म्हटलं नाही, ‘खेकडा’ म्हणाले. बाबांनी ते चालताना पाहिलेत. उभं असतानाही कण्हायचं, असं ते सांगतात. म्हणजे दोन्ही घाटांत चार-पाच वर्षांच्या अंतराने एकच गोष्ट घडली, आणि माझ्या मते बोरघाट आधी होता हे इथे कोणालाही ऐकवायला हरकत नाही.

वाफेच्या ‘के’ला मात्र घाटात काम उरलं नाही. ती व्युर्टेम्बर्गातल्या विजेविना मार्गांवर गेली, आणि सपाटीवर बारा चाकांचा हा ताफा म्हणजे नुसता खर्च. तिला परत चढ मिळाला तो युद्धामुळे. हिटलरने 1938 साली ऑस्ट्रिया गिळला, तिथली रेल्वे जर्मन रेल्वेत आली, आणि पुढे युद्धाच्या काळात यातली बरीच इंजिनं झेमरिंगला धाडली गेली. व्हिएन्नाच्या दक्षिणेला ग्लॉगनित्स ते म्युर्त्सुश्लाग हा 41 किलोमीटरांचा घाट कार्ल फोन गेगाने बांधला, 1854 साली सुरू झाला, आणि 1998 पासून तो जागतिक वारसा आहे. ग्योल्सडोर्फच्या देशातून निघालेली कल्पना अशी 44 जणांचं कुटुंब करून माहेरी आली.

युद्ध संपलं तेव्हा जे इंजिन जिथे होतं तिथलं झालं. काही ऑस्ट्रियात राहिली, काही हंगेरीत, काही युगोस्लाव्हियात. जर्मनीत उरलेली 1953 पर्यंत बाद झाली. ऑस्ट्रियाने आपल्याकडच्यांना 659 हा क्रमांक देऊन 1957 पर्यंत चालवलं. दोनच वर्षांनी झेमरिंगवरही तारा आल्या. पहिल्या घाटातून तिला ज्यांनी काढलं त्या तारा दुसऱ्या घाटात पोचायच्या आत ती संपलेली होती.

‘के’पैकी एकही जपलेलं नाही. याचं मला वाईट वाटतं, आणि थोडा रागही येतो. ज्या देशात बिअरच्या बाटलीच्या झाकणांचेही संग्रह असतात, तिथे 44 मधलं एक ठेवायला जागा नव्हती? आपल्या खेकड्यांपैकी एक मुंबईत वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरला आणि एक दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे. हे बाबांनी मला दोनदा ऐकवलं.

घाट मात्र चालू आहे. डिसेंबर 2022 मध्ये वेंडलिंगेन ते उल्म हा नवा वेगवान मार्ग सुरू झाल्यापासून बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्या बोगद्यांतून जातात. जड मालगाड्या आणि लोकल अजूनही जुन्याच घाटाने, आणि जड गाडीला मागून रेटणारं इंजिन अजूनही लागतं.

कुकर घ्यायला याल तेव्हा दोन तास जास्तीचे ठेवा. गावाच्या डोक्यावर हेल्फेनश्टाइन किल्ल्याचे अवशेष आहेत, चढ सिंहगडाच्या मानाने काहीच नाही, आणि वरून रूळ छान दिसतात. मग लोकल पकडून आमश्टेटेनला उतरा, डोंगराच्या बाजूची खिडकी सोडून दरीकडची धरा. आमश्टेटेनहून दोन छोट्या पर्यटक रेल्वे सुटतात, उन्हाळ्यातल्या काही रविवारी. गेरश्टेटेनला जाणाऱ्या मार्गावरच्या मंडळींकडे शेजारच्या बाडेन राज्याचं जुनं वाफेचं इंजिन आहे. वेळापत्रक आधी बघून जा, आणि पिशव्या गाडीत ठेवून या. कुकर घेऊन किल्ला चढवत नाही.