तुम्ही विचारलंत म्हणून: बर्फ सोडून आग का?

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन खेळात माझ्याबरोबर अरिना, म्हणजे खेळाडूंच्या छोट्या संघांमधले सामने, खेळलेले लोक हा प्रश्न हमखास विचारतात: मेजसाठी, म्हणजे जादूगार पात्रासाठी, बर्फाची विद्या इतकी सोयीची असताना तुम्ही आगच का धरून बसला आहात? प्रश्न रास्त आहे. बर्फाचा मेज शत्रूला जागच्या जागी गोठवतो, त्याची चाल मंद करतो आणि स्वतः अंतर राखून वाचतो. 2007 मध्ये ‘द बर्निंग क्रुसेड’ या खेळाच्या विस्ताराबरोबर अरिना आली तेव्हा जाणत्या मेजनी बर्फच निवडला होता आणि आजही कोणी नवखा विचारायला आला तर मी त्याला बर्फच सुचवते.

तरीही मी आग खेळते, कारण आगीचा मेज म्हणजे दिसेल त्याला जाळत सुटणारा, हा समज मला पटत नाही. सामन्यातला बराचसा वेळ तो आपली आग आवरून धरण्यात घालवतो, आणि मला नेमके तेच काम प्रिय आहे.

पायरोब्लास्ट या आगीच्या सर्वांत जड माऱ्याचेच पाहा. मूळ खेळात तो पूर्ण व्हायला 6 सेकंद लागत, आणि अरिनात इतका वेळ तुमच्यासमोर कोणीही स्वस्थ उभे राहत नाही. 2008 मध्ये ‘राथ ऑफ द लिच किंग’ या पुढच्या विस्ताराच्या सुमारास हॉट स्ट्रीक ही सोय आली: लागोपाठ दोन क्रिट, म्हणजे नेहमीपेक्षा जबर वार, बसले की पुढचा पायरोब्लास्ट तत्क्षणी सुटतो. तो हाती आल्यावर लगेच सोडून द्यावा अशी ऊर्मी येते. पण शत्रूचा हीलर, म्हणजे साथीदारांना बरे करणारा खेळाडू, मोकळा असेल तर तो ते नुकसान भरून काढतो आणि तुमचा वार वाया जातो. शिवाय आपण फायरबॉल हा आगीचा गोळा टाकत असताना वॉरियरने, म्हणजे जवळून लढणाऱ्या योद्ध्याने, पमेल हा मंत्र तोडणारा ठोसा मारला तर काही सेकंद आगीचे सगळेच स्पेल (मंत्र) बंद पडतात, म्हणून फायरबॉल सुरू करून मध्येच थांबवायचा आणि त्याचा पमेल फुकट घालवायचा, हे शिकावेच लागते. मी पुण्यातून युरोपच्या सर्व्हरवर खेळते, पिंग, म्हणजे संदेश सर्व्हरवर जाऊन परतायला लागणारा वेळ, दीडशे मिलिसेकंदांच्या खाली क्वचितच येतो, त्यामुळे हा निर्णय मला इतरांपेक्षा आधी घ्यावा लागतो.

2022 मध्ये क्लासिकच्या, म्हणजे खेळाच्या जुन्या आवृत्तीच्या, रूपाने ‘राथ’ पुन्हा आला, तेव्हाचा एक सामना मी विसरलेले नाही. नाग्रांडच्या अरिनात, त्या चार खांबांच्या मधोमध, मी शत्रूच्या प्रीस्टला, म्हणजे त्यांच्या हीलरला, पॉलिमॉर्फ या मंत्राने काही काळ निरुपद्रवी मेंढी केले होते आणि वॉरियरवर लिव्हिंग बॉम्ब हा उशिरा फुटणारा आगीचा मंत्र लावला होता. त्या आवृत्तीत हा बॉम्ब 12 सेकंदांनी फुटायचा. मात्र कोणी तो डिस्पेल केला, म्हणजे मंत्राने काढून टाकला, तर त्याच क्षणी फुटायचा आणि 10 यार्डांतल्या सगळ्या शत्रूंना भाजायचा. त्यांच्या पॅलाडिनने, म्हणजे तिसऱ्या साथीदार धर्मयोद्ध्याने, मेंढीपासून चार पावलांवर उभ्या असलेल्या वॉरियरवरचा बॉम्ब क्लीन्झ मंत्राने काढला. माझ्याच आगीने माझी मेंढी मोडली, कारण पॉलिमॉर्फ जरासाही मार लागला तरी तुटतो. तेव्हा पहिली मेंढी 10 सेकंद टिकायची, लगोलग केलेली दुसरी 5 आणि तिसरी अडीच. मी पहिल्या मेंढीची निम्म्याहून अधिक सेकंदे उधळली होती. आम्ही हरलो, आणि त्या पॅलाडिनचे मला मनापासून कौतुक वाटले.

काही दिवसांनी तोच संघ पुन्हा समोर आला. या खेपेस प्रीस्ट मेंढी झाल्यावर मी बॉम्ब लावलाच नाही. हॉट स्ट्रीक हाती असतानाही वॉरियरला माझ्यामागे ओढत मी दूरच्या खांबाकडे सरकले आणि अंतर मोजत राहिले. तो मेंढीपासून वीसेक यार्ड लांब आल्यावर बॉम्ब लावला. पॅलाडिनने सवयीप्रमाणे तो काढला, स्फोटात वॉरियरबरोबर तो स्वतःही भाजला, प्रीस्ट मात्र मेंढीच राहिला, आणि मग मी पायरोब्लास्ट सोडला.