उघडी वीट आणि बटरफिल्ड

आमच्या सांगलीत वीट उघडी दिसली की लोक विचारतात, गिलावा राहिलाय का, पैसे कमी पडले का. मी कंपाउंडला गिलावा नको म्हटलं तर मिस्त्रीमामांनीपण दोनदा विचारलं, "ताई, नक्की ना?" माझे आजोबा कृष्णाकाठच्या भट्टीवर कामाला होते, वीट विटेवर वाजवून आवाजावरून सांगायचे पक्की भाजलीय की कच्ची, आणि अशी चांगली वीट सिमेंटखाली गेली की त्यांना हळहळ वाटायची.

म्हणून मला विल्यम बटरफिल्ड हा इंग्लिश आर्किटेक्ट एवढा आवडतो. नाव पहिल्यांदा कळलं ते कुलाब्याच्या अफगाण चर्चमुळे, ते १८५८ चं, इमारत हेन्री कॉनीबेअरची पण आतल्या सजावटीची डिझाइन्स बटरफिल्डची, मग घरी येऊन वाचतच बसले. जन्म १८१४, लंडनचा, बाप औषधाच्या दुकानवाला, पोरगा आधी एका बिल्डरकडे उमेदवारीला, म्हणजे बांधकाम हातानं शिकलेला माणूस. लंडनमध्ये मार्गारेट स्ट्रीटवरचं ऑल सेंट्स चर्च १८५९ ला पूर्ण झालं, त्या काळी भारी चर्च म्हणजे दगडाचं, आणि यानं सरळ लाल वीट घेतली आणि त्यात काळ्या विटेचे पट्टे ओढले. रंग वरून फासायचाच नाही, तो भिंतीतच बांधायचा, मग उडणार कुठून!

ऑक्सफर्डच्या केबल कॉलेजात तर लाल, पांढऱ्या, निळसर काळ्या विटांची नुसती नक्षी आहे. तिथलं चॅपल १८७६ चं, पैसे दिले विल्यम गिब्जनी, त्यांच्या घराण्याचा पैसा पेरू देशातून ग्वानो म्हणजे पक्ष्यांच्या विष्ठेचं खत आणून विकण्याचा, हे आमच्या ऊसवाल्या काकांना सांगितलं तर ते खूशच झाले. बऱ्याच जणांना हे पट्टे भडक वाटले, अजूनही वाटतात, मला नाही वाटत.

रग्बी स्कूलचं १८७२ चं चॅपलपण त्याचंच. पण मला सगळ्यात भावलं ते यॉर्कशायरमधलं बाल्डर्सबी सेंट जेम्स हे बारकंसं गाव, तिथं चर्च, शाळा, पाद्रीचं घर, मजुरांची घरं, सगळं यानंच केलं. एवढा मोठा आर्किटेक्ट आणि खेड्यातल्या पोरांच्या शाळेचं डिझाइन करत बसतो, याचं मला फार कौतुक आहे. १८८४ ला त्याला ब्रिटिश आर्किटेक्टांचं रॉयल गोल्ड मेडल मिळालं, १९०० ला गेला.

कंपाउंड झालंय आता. मिस्त्रीमामांनी आपणहून दर पाचव्या थराला जास्त भाजलेल्या काळपट विटा लावल्यात, भट्टीवर त्या स्वस्तात मिळाल्या.