घरकोंबडी सिंगापूरला जाते तेव्हा

मला गर्दीची भीती वाटते, विमानाची वाटते, आणि परक्या ठिकाणी बाथरूमची कडी आतून अडकली तर काय, याचीही वाटते. घरात सगळे मला घरकोंबडी म्हणतात, त्यात खोटं काही नाही. लग्नाची आमंत्रणं मी आईच्या हाती आहेर पाठवून निभावते. कोल्डप्ले हा ब्रिटिश बँड मात्र कॉलेजपासून कानात बसलाय. नोव्हेंबर २०१६मध्ये ते ग्लोबल सिटिझन फेस्टिव्हलसाठी मुंबईत बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, आले होते, आमच्या नेरूळहून तासा-दीड तासावर. तरी मी गेले नाही. नोटाबंदी नुकतीच झाली होती, एटीएमसमोर रांगा होत्या, हे कारण मी सगळ्यांना सांगितलं. खरं कारण ते खचाखच भरलेलं मैदान होतं.

२०२३च्या जूनमध्ये सिंगापूरची तिकिटं निघाली. आधी एकच शो जाहीर झाला होता, मागणी बघून होता होता सहा झाले: जानेवारी २०२४मध्ये २३, २४, २६, २७, ३० आणि ३१ तारखेला. २६ जानेवारी शुक्रवारी येत होता, म्हणजे रजाही फार खर्ची पडणार नव्हती. ऑनलाइन रांगेत माझ्यापुढे इतके लोक होते की तिकीट काही मिळत नाही, या भरवशावरच मी निवांत बसून होते. मिळालं. बरोबर यायला कोणी तयार नव्हतं. भाऊ म्हणाला, "तू? एकटी? तू वाशीला एकटी जात नाहीस."

(पुढच्याच जानेवारीत ते आमच्या घराजवळ, डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये तीन रात्री वाजवून गेले. हे मला ऐकवायची संधी एकाही नातेवाइकाने सोडलेली नाही. असो.)

मी ज्या समुपदेशक बाईंकडे जात होते त्यांना वाटलं होतं तिकीट विकून टाकायला मी त्यांची परवानगी मागेन. मी खरंच मागितली. त्यांनी उत्तर न देता कागद पुढे सरकवला आणि म्हणाल्या, कमी भीतीच्या गोष्टीपासून जास्त भीतीच्या गोष्टीपर्यंत यादी कर. सगळ्यात खाली होतं सीवूड्सच्या मॉलमध्ये एकटीने सिनेमा बघणं. मग एकटीने हॉटेलात बसून जेवणं, सकाळच्या गर्दीत नेरूळहून सीएसएमटीची लोकल, पुण्यात एक रात्र मुक्काम. सगळ्यात वर सिंगापूर. एक पायरी कंटाळवाणी वाटेपर्यंत वरच्या पायरीला हात लावायचा नाही, एवढी एकच अट.

त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मला फार उपयोगी पडली. छातीत धडधड, हाताला घाम, आता मरते की काय, असं जे होतं ते साधारण दहा मिनिटांत टोकाला जातं आणि मग आपसूक उतरायला लागतं. त्या दहा मिनिटांत पळ काढला, तर पळालो म्हणून वाचलो, असं मेंदू शिकतो. थांबलो, तर दुसरं काहीतरी शिकतो. कुर्ल्याला लोकलमध्ये अंगावर माणसं चढत असताना मी घड्याळाकडे बघत उभी राहिले. मजा अजिबात आली नाही. पण उतरले सीएसएमटीलाच.

"भीती सोडून दे" म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. सोडायला ती काय हातात धरलेली पिशवी आहे? मी तिला कामाला लावलं. घाबरट माणसाला काय काय बिघडू शकतं हे इतरांपेक्षा खूप आधी दिसतं, आणि प्रवासाची तयारी म्हणजे दुसरं असतं काय?

व्हिसाचं काम तसं सरळ निघालं. भारतीयांना सिंगापूरचा व्हिसा अधिकृत एजंटमार्फत काढावा लागतो: १४ए नावाचा फॉर्म, पासपोर्ट, पांढऱ्या पार्श्वभूमीचा ३५ बाय ४५ मिलिमीटरचा फोटो, सरकारी फी ३० सिंगापूर डॉलर आणि वर एजंटचे पैसे. व्हिसा ईमेलने येतो. याशिवाय पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत एसजी अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं असतं. ते फुकट आहे. त्याचे पैसे मागणाऱ्या वेबसाइट शोधात वर दिसतात, तिकडे जाऊ नका.

मग मी नकाशावर बसले. चांगी विमानतळावरून मेट्रोने एक्स्पो, तिथून डाउनटाउन लाइनने लिटल इंडिया, गाडी बदलून पुढचं स्टेशन फेरर पार्क, हॉटेल तिथे. शोच्या दिवशी फेरर पार्क ते धोबी घाट, मग सर्कल लाइनने स्टेडियम. धोबी घाट हे नाव वाचून आईला जरा धीर आला. रस्त्यांचे फोटो बघून बघून हॉटेलच्या कोपऱ्यावरचं दुकान मला पाठ झालं होतं.

विमानात काय झालं ते सांगण्यात अर्थ नाही, कारण मी डोळे मिटून होते. साडेपाच तासांच्या प्रवासात पाणीसुद्धा मागितलं नाही. विमानतळावर सगळं पाठ केल्याप्रमाणे घडलं. आणि मग २५ तारखेला सकाळी मी फेरर पार्क स्टेशनातून वर आले, तर समोर माणसंच माणसं.

तैपूसम! हे काही मी नकाशावर बघितलं नव्हतं. मुरुगनचा, म्हणजे कार्तिकेयाचा, हा उत्सव त्या वर्षी नेमका त्याच दिवशी होता, आणि मिरवणूक निघते ती फेरर पार्कला लागूनच असलेल्या श्रीनिवास पेरुमाळ मंदिरातून. तिथून टँक रोडवरच्या तेंडायुधपाणी मंदिरापर्यंत भक्त चालत जातात. कोणाच्या डोक्यावर दुधाचे कलश, कोणाच्या खांद्यावर मोरपिसांची कावडी, कोणाच्या गालातून आरपार गेलेला शूल. मी बॅगेचा दांडा धरून भिंतीला टेकले आणि घड्याळ बघायला लागले. शेजारी एक आजी अनवाणी उभ्या होत्या. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, आपली पाण्याची बाटली उघडून माझ्यापुढे धरली आणि तमिळमध्ये काहीतरी बोलल्या. मला एक अक्षर कळलं नाही. पाणी प्यायले. तेवढ्यात माझ्यासमोरून एक तरुण कावडी घेऊन गोल फिरला. त्याच्या पाठीत आकडे टोचलेले होते आणि मागून त्याची आई, आईच असणार, त्याच्या पायांवर पाणी ओतत चालली होती. भिंत केव्हा सोडली ते कळलं नाही. हॉटेलात पोचले तेव्हा दुपार होत आली होती.

शोच्या संध्याकाळी मी मुद्दाम लवकर निघाले. नॅशनल स्टेडियमवर ३१० मीटर रुंदीचा घुमट आहे आणि आत ५५,००० माणसं मावतात. फोटोत ते भव्य वाटतं, दारात उभं राहिलं की पोटात गोळा येतो. मनगटावर दिव्याचा पट्टा बांधून मिळाला. माझी खुर्ची रांगेच्या मधोमध होती. दोन्ही बाजूंना वीस-वीस गुडघे! कडेच्या खुर्चीवर मलेशियातल्या पेनांगहून आलेले एक काका बसले होते, बरोबर शाळकरी मुलगी. मी त्यांच्यापुढे उभी राहून इंग्रजीत पाठ केलेलं वाक्य म्हटलं: मला गर्दीत गुदमरायला होतं, तुम्ही जागा बदलाल का? अनोळखी माणसाकडे असं काही मागायची माझी ही पहिलीच वेळ. काकांनी मुलीकडे बघितलं. ती म्हणाली, "मधूनच चांगलं दिसतं, पप्पा." झालं, दोघं आत सरकली.

कानात इअरप्लग घातले होते. आवाज कमी होतो, गाणं कमी होत नाही. ज्यांना मोठा आवाज सोसत नाही त्यांनी नक्की घ्यावेत. पहिल्याच गाण्याला हजारो पट्टे एकदम पेटले. माझं मनगट माझ्या परवानगीशिवाय लाल झालं, मग निळं. छाती धडधडत होती, पण ती कशाने हे मला ओळखता येईना, म्हणून घड्याळ बघायचं राहून गेलं. मैदानात एका बाजूला लोक सायकली मारत होते आणि दुसरीकडे विशिष्ट फरशीवर उड्या मारत होते; त्यातून कार्यक्रमासाठी वीज साठवतात. २०००मध्ये आलेलं 'यलो' सुरू झालं तसं अख्खं स्टेडियम पिवळं झालं. हे होणार हे मला माहीत होतं, व्हिडिओत शेकडो वेळा बघितलं होतं. तरी रडले. 'अ स्काय फुल ऑफ स्टार्स'ला बँडचा गायक ख्रिस मार्टिनने गाणं मध्येच थांबवून सगळ्यांना फोन खिशात टाकायला सांगितलं. माझा आधीच पर्समध्ये होता. बॅटरी संपून रस्ता चुकेन या भीतीने मी तो बाहेरच काढला नव्हता.

शो संपल्यावर मी जागची हलले नाही. हाही बेतच होता: बाहेरची रांग ओसरेपर्यंत बसून राहायचं. काका आणि मुलगी निघाली, जाताना मुलीने विचारलं, एकटीच आलीस? मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मला पप्पा अजून पाठवत नाहीत," आणि काका हसले. दारावर पट्टे परत घ्यायचे डबे होते. वनस्पतीपासून केलेले हे पट्टे पुढच्या शोला पुन्हा वापरतात, म्हणून ठेवून घेऊ नका अशी विनंती असते. मी निमूट टाकला. माझ्यापुढच्या दोन मुली हात मागे घेऊन पसार झाल्या.

परतीचं विमान रविवारी होतं, त्यामुळे शनिवार रिकामा. त्या दिवसासाठी माझ्याकडे कागदावर काहीच नव्हतं, कारण शुक्रवारच्या पुढे मी विचारच केलेला नव्हता. सकाळी सेरंगून रोडवर इडली खाताना सहज फोन काढून ३० आणि ३१ तारखेची तिकिटं बघितली. एकही शिल्लक नव्हतं. भाऊ विचारतो, असतं तर राहिली असतीस का? रजा शिल्लक नव्हती, एवढंच मी त्याला सांगते.